साडेआठची मीटिंग आणि चार देशांचं ‘बघू’

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

‘ताई, मी सांगलीत एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा आमच्या कॉलेजनं बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांबरोबर आठ आठवड्यांचा ऑनलाइन प्रोजेक्ट घेतलाय, सर त्याला कॉइल म्हणतात. माझ्या टीममध्ये एक मुलगी जर्मनीतली, लाइपझिगची, एक मुलगा मेक्सिकोतला, ग्वादालाहाराचा आणि एक मुलगा जपानचा, ओसाकाचा. विषय मीच सुचवला, सांगलीची हळद जपानमध्ये कशी विकायची. बाबांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, म्हणून म्हटलं आपल्याला सोपं जाईल. पण ताई मला वैताग आलाय. जर्मन मुलगी हाय नाही हॅलो नाही, डायरेक्ट माझ्या लिखाणावर कमेंट टाकते, “विषयाशी संबंध नाही, काढून टाक.” मी हळदीकुंकू, लग्नातली हळद, जेजुरीचा भंडारा असं सगळं चार पानं लिहिलं होतं, म्हणजे आपली संस्कृतीच तिनं काढून टाकली. मेक्सिकोवाला गोड बोलतो पण आत्ता देतो म्हणतो आणि तीन दिवसांनी देतो. जपानी मुलगा कॅमेरा बंद ठेवून गप्प बसतो, चार आठवड्यांत चार वाक्यं बोलला असेल. त्यानंच फक्त माझ्या भागाला चांगलं म्हटलं, लिहिलं की खूप इंटरेस्टिंग आहे, थोडं अवघड असू शकेल. आणि कहर म्हणजे दर मंगळवारी साडेआठला मीटिंग असते, दिवाळीनंतरच्या मंगळवारी मी साडेआठला जॉइन झाले तर कुणीच नाही, नऊ दहापर्यंत बसले, मग बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी मिनिट्समध्ये माझ्या नावापुढे गैरहजर! मला न सांगता वेळ बदलली. आता शेवटी एकमेकांना मार्क द्यायचेत. सर म्हणतात यातून दुसऱ्यांचं कल्चर शिका. काय शिकू? जर्मन मुलीला कमी मार्क देऊ का?
– ग्रुपमधली गैरहजर, सांगली’

अगं गैरहजर, आधी त्या मंगळवारचं मिटवू, कारण निम्मं पत्र तू त्याच्यावरच रडलीयेस आणि त्यात माणसाची चूक नाहीचे, घड्याळाची आहे. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे करतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढे. तुमची मीटिंग ठरली असणार जर्मनीच्या संध्याकाळी ५ ला. उन्हाळ्यात ते म्हणजे आपले साडेआठ, रविवारनंतर त्यांचे तेच ५ आपल्याकडे साडेनऊला वाजायला लागले. त्या पोरीसाठी मीटिंग ५ ची ५ लाच राहिली, तिला काय सुचणार तुला सांगायचं. आणि तुला कुठून माहिती असणार, आपलं घड्याळ बारा महिने एकच. कॅलेंडरचं इन्व्हाइट आलं असेल तर त्यात ते आपोआप साडेनऊ झालेलं असतं, पण मला दाट शंका आहे की तू ते उघडलंच नाहीस आणि वेळ स्वैपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीस. (मी पण तेच करते. दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.)

आता जरा वही घे आणि माझ्याबरोबर हिशोब कर, कारण मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट तू लिहिलेलीच नाहीयेस. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. तुझे साडेआठ म्हणजे ओसाकात किती? रात्रीचे बारा. तू चार आठवडे ज्याला गप्प, कॅमेरा बंद म्हणतीयेस तो पोरगा मध्यरात्री बसतोय, बहुतेक एका छोट्या खोलीत, भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलं. आणि घड्याळं बदलल्यावर तुझे साडेनऊ म्हणजे त्याचा रात्रीचा १. त्या मंगळवारचे मिनिट्स परत उघड, हजर असलेल्यांमध्ये त्याचं नाव आहे का बघ. असेल ना? रात्री एकला आलाय तो, आणि तक्रार केलेली नाही. मेक्सिकोवाल्याला आधी सकाळचे ९ होते, आता १०, त्यांनी २०२२ मध्येच घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं, सीमेवरची काही शहरं सोडून. म्हणजे चौघांतली सगळ्यात आरामाची वेळ जर्मनीची, नंतर मेक्सिकोची, मग तू जेवून बिवून बसतेस, आणि ओसाकावाल्याचं कुणी विचारलंच नाही. तू पण नाही. वेळ कुणी ठरवली होती गं पहिल्या मीटिंगला? कुणीतरी म्हणालं असेल ‘सगळ्यांना चालेल ना’ आणि तो म्हणाला असेल चालेल.

वेळ बदलून मागा. आता युरोपातली घड्याळं मागे गेल्यावर आपल्या संध्याकाळी साडेसहाला ओसाकात रात्रीचे १०, लाइपझिगला दुपारचे २ आणि ग्वादालाहारात सकाळचे ७ वाजतात. एखाद्या आठवड्याला आपल्या सकाळी साडेदहाला ठेवा, तेव्हा जपानची दुपार २ वाजता, मेक्सिकोची रात्र ११ आणि जर्मन पोरगी सकाळी ६ ला डोळे चोळत. एकदा त्यांनी जागायचं एकदा यांनी, चौघांत वाटून घ्या ना.

आता तो ‘खूप इंटरेस्टिंग आहे, थोडं अवघड असू शकेल’. तू त्याला कौतुक समजलीस. हसू नको म्हणालीस तरी मला हसू आलं, कारण जपान्यांबरोबर काम केलेल्या कुणालाही विचार, ‘थोडं अवघड आहे’ म्हणजे तिकडे नाही. साफ नाही. आणि त्यांच्याकडे अजून एक आहे, ‘कांगाएते ओकिमास’, म्हणजे विचार करून ठेवतो. तोही बऱ्याचदा नाहीच असतो. तुला विचित्र वाटेल, पण आपल्या घरी येऊन बघ, मोठ्या काकूंनी विचारलं ‘मग येताय ना बारशाला’, आणि आपण म्हणालो ‘बघू’, तर काकूंना कळतं की येत नाहीयेत. कुणी खोटं बोललेलं नसतं. ‘बघू’, ‘करू की’, ‘सांगते नंतर’, आपण नाही म्हणायचं झालं तर हेच म्हणतो, तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि मेक्सिकोवाल्याचं ‘आत्ता’ आहे ना, स्पॅनिशमध्ये ते ‘आहोरिता’ असणार. शब्दाचा अर्थ आत्ताच्या आत्ता, पण मेक्सिकोत आहोरिता म्हणजे पाच मिनिटं, संध्याकाळ, कधीतरी, किंवा विसर आता, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं. आपला नळ दुरुस्त करणारा ‘निघालोच’ म्हणतो तसं.

म्हणजे तुमच्या टीममध्ये चारातले तिघं ‘बघू’वाले आहेत. एकटी ती लाइपझिगची पोरगी, बोललेला शब्द खरा धरून चाललीये. तिच्या बाजूनं बघ जरा. तूच पत्रात पुढे लिहिलंयस (मी कापलं) की तिनं दोनदा विचारलं किमतींचा तक्ता कधी देशील आणि तू लिहिलंस ‘करायचा प्रयत्न करते’. आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होता? ‘या आठवड्यात काही खरं नाही’, हेच ना? तिनं त्याचा अर्थ घेतला की ही प्रयत्न करतीये. मग शुक्रवारी तक्ता नाही. पुढच्या शुक्रवारी पण नाही. दिवाळी होती, बरोबर आहे, फराळ होता, पाहुणे होते, पण तिला कोण सांगणार दिवाळी? जर्मनीच्या कॅलेंडरवर नसते ती.

आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, बघितलंयस का? दोघांना सगळं कळतं, बाजूच्याला काही नाही. आपण बोलतो पण तसंच. फक्त आता समोरच्याचा हात रुमालाखाली नाहीचे, तो हजारो किलोमीटरवर आहे.

माझं सांगते. मी मिरजेची, पण नोकरी पुण्याला हिंजवडीत केली, त्यातली बरीच वर्षं रोज जर्मन टीमबरोबर कॉल. पहिल्या वर्षी तिकडच्या मॅनेजरनं विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का, मी मान डोलावली, हो, ट्राय करते. बुधवारी मला कळलं होतं होत नाही. मी गप्प. वाटलं शनिवार रविवार बसून उरकू, आत्ता सांगितलं तर काय वाटेल त्यांना. शुक्रवारी त्यानं क्लायंटला सांगून टाकलेलं होतं. सोमवारी मेल आली, तीन ओळींची, ‘तू हो म्हणालीस.’ मी दोन दिवस जेवले नाही नीट, काय माणूस आहे, किती उद्धट. मग आमच्या इथल्या सिनिअरनं विचारलं, तुला कधी कळलं होतं होणार नाही ते? म्हटलं बुधवारी. मग बुधवारी सांगितलं असतंस तर त्यानं काय केलं असतं? तारीख बदलली असती, बस. त्या माणसाला उशिराचा राग नव्हताच, बातमी दोन दिवस दाबून ठेवल्याचा होता. आणि मी ती दाबली होती का, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून! पुढे त्याच माणसाबरोबर सहा वर्षं काम केलं. त्याच्या कमेंट शेवटपर्यंत तशाच, ‘चूक आहे.’ ‘का?’ ‘काढ.’ पण माझ्या लग्नाच्या वेळी त्यानं महिनाभर आधी विचारून माझी सगळी कामं दुसरीकडे लावून दिली होती, मला एक फोन आला नाही त्या पंधरा दिवसांत. आपल्याकडचे गोड बोलणारे मात्र मेंदीच्या हातानं लॅपटॉप उघडायला लावत होते.

तर तिची कमेंट. ‘विषयाशी संबंध नाही, काढून टाक.’ चिडू नकोस, पण ती बरोबर आहे गं. ओसाकात हळद कशी विकायची या रिपोर्टात जेजुरीचा भंडारा चार पानं? मला जेजुरी प्रिय आहे, येळकोट येळकोट, पण तिथला माणूस हळद उधळणार नाहीये. तू बाजाराचा रिपोर्ट लिहायला बसलीस आणि आपली ओळख करून द्यायला लागलीस, हे सगळ्यांचं होतं पहिल्यांदा परदेशी लोक भेटले की. ठेवायचंच असेल तर असं ठेव ज्याचा विक्रीला उपयोग आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते ठेव. हरिपूरची पेवं ठेव, जमिनीखाली हळद साठवायची पद्धत, २००५ च्या महापुरात त्यातली किती वाया गेली, साठवणीचा प्रश्न आज कसा सोडवतात, हे बाबांना विचारून लिही. त्या पोरीनं ‘सोर्स?’ म्हणून विचारलं तर तुझ्याकडे अख्खं मार्केट यार्ड आहे.

आणि कमेंट कोरडी का वाटते त्याचं माझ्या मते एक कारण असंही आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं आहे, ‘दू’ आणि ‘झी’, आणि कुणाला काय म्हणायचं यावर ते आपल्या सासूबाईंइतके काटेकोर असू शकतात. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’. जपानीत तर मान द्यायचा म्हटलं की क्रियापदं सुद्धा बदलतात. म्हणजे चौघंही अशा घरांतून आलेले की जिथं तोंड उघडण्याआधी समोरचा कोण ते बघतात, आणि भेटता कुठं तर इंग्रजीत, जिथं सरांना पण यू आणि कुत्र्याला पण यू. चौघांचंही इंग्रजी नंतर शिकलेलं. नम्रपणाचे शब्द प्रत्येकाचे घरीच राहिलेत. तिचं एक वाक्य कोरडं लागलं म्हणून ती माणूस म्हणून कोरडी असं ठरवू नको, आणि तिला तुझ्याबद्दल काय वाटत असेल याचाही विचार कर, ‘ही मुलगी गोड बोलते आणि काम देत नाही’. हे तुझंच मेक्सिकोवाल्याबद्दलचं वाक्य आहे.

त्याचं पण बघू. हो, ‘बघू’ म्हणजे खरंच बघू. तू लिहिलंयस की १ नोव्हेंबरला द्यायचं होतं ते त्यानं ४ ला दिलं आणि मधे ग्रुपवर फुलांचे फोटो टाकत बसला होता. अगं १ आणि २ नोव्हेंबर हा मेक्सिकोत मेलेल्यांचा सण असतो, दिया दे मुएर्तोस. घरात पायऱ्यापायऱ्यांचं वेदीसारखं मांडतात, गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांना आवडायचं ते खायला, मेणबत्त्या, आणि सगळीकडे झेंडू. झेंडूच, आपला दसऱ्याचा. तो मूळचा तिकडचाच. त्यांची समजूत अशी की गेलेली माणसं त्या रंगावर, वासावर घर शोधत येतात. आपण पितृपक्षात आजीच्या आवडीची भाजी करून पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो, त्याचं चुलत भावंड म्हण. फरक इतकाच की त्यांच्याकडे त्या दिवशी गाणीबिणी असतात आणि आपण आवाज बारीक करतो. तुला दिवाळीची सुट्टी सगळ्यांनी समजून घ्यायला हवी होती ना, मग.

पण उशीर तो उशीरच, हे पण आहे. सणाच्या नावाखाली सगळं माफ करत बसू नको. त्याला आणि स्वतःला ‘आत्ता’, ‘लवकर’, ‘प्रयत्न करते’ हे शब्द बंद कर. वार, तारीख, वेळ, आणि कुणाच्या घड्याळाची ते. ‘गुरुवारी, भारताच्या संध्याकाळी ६ पर्यंत, फक्त तक्ता, मजकूर नाही.’ जमणार नसेल तर आदल्या दिवशी एक ओळ. सुरुवातीला निर्लज्ज वाटतं असं लिहायला, आठवड्यात सवय होते.

ओसाकावाल्याला मीटिंगमध्ये ‘तुला काय वाटतं?’ म्हणून सगळ्यांसमोर पकडू नकोस, रात्री एक वाजता दुसऱ्या भाषेत त्याला काय सुचणार. आदल्या दिवशी लिहून पाठव, त्याला एकट्याला. आणि नुसतं ‘आवडलं का’ विचारू नको, त्याला परत ‘इंटरेस्टिंग’ लिहावं लागेल. असं विचार: तुमच्याकडे हळद कोण विकत घेतं, कुठं मिळते, तुझ्या घरी कुणी घेतं का? मला यातलं थोडं माहितीये, आमच्या ऑफिसमधला एकजण टोकियोहून येताना एक छोटा डबा घेऊन आला होता, चहाच्या कपाएवढासुद्धा नाही. त्यात हळदीचं पेय. जपानीत हळदीला ‘उकोन’ म्हणतात, आणि तिथं ती दारू प्यायला जायच्या आधी घेतात, दुसऱ्या दिवशी डोकं धरू नये म्हणून! चोवीस तासवाल्या दुकानांत मिळते, डिसेंबरात ऑफिसच्या पार्ट्या सुरू झाल्या की जोरात. खरंच उपयोग होतो का ते डॉक्टर जाणे, पण लोक घेतात. ओकिनावात तर हळद पिकते, तिचा चहा करतात. आता सांग, तू चार पानं लिहिलीस मंगलकार्य आणि देव, आणि तुझं गिऱ्हाईक निघालं बारमध्ये निघालेला ऑफिसवाला. तो पोरगा हे पहिल्या दिवसापासून जाणतोय. ‘थोडं अवघड असू शकेल’ हे त्यानं सांगितलं होतं गं तुला. माझं ऐकून लिहू नकोस मात्र, त्याच्याकडून घे, त्याला दुकानातल्या फळीचा फोटो काढून पाठवायला सांग, किंमत दिसेल असा. बाबांना दाखव तो. किलोवर विकणाऱ्या माणसाला तो डबा दाखवताना तू समोर असायला हवीस.

सरांनी तुम्हाला देशांचे आकडे असलेला तक्ता दिलाय म्हणालीस, सत्तेतलं अंतर (वरच्याचं वरचेपण खालचे किती मुकाट मान्य करतात ते) भारत ७७, जर्मनी ३५ वगैरे, आणि ‘त्यावरून टीममेट समजून घ्या’. मी सरांचा मान राखून सांगते, तो तक्ता वहीत ठेव, माणसावर लावू नको. खेर्त हॉफस्टेड नावाच्या डच अभ्यासकानं आयबीएम या एका कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून ते काढले, १९६७ ते १९७३ च्या दरम्यानच्या. देशांची सरासरी बघायला ठीक आहे. पण तुझी टीममेट लाइपझिगची, आणि लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होतं, ते ३५ पश्चिम जर्मनीचे! तिची आजी त्या तक्त्यात नाहीचे. आणि आपले ७७ कुणाचे, सांगलीच्या अडत्याचे की मालवणच्या होडीवाल्याचे? कॉइल हा प्रकार सर म्हणतात तसा कोविडनंतरचा नाही, न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठात २००६ मध्ये त्याचं वेगळं केंद्र निघालं, शाळांचं तर १९८८ पासून न्यूयॉर्क आणि मॉस्कोमध्ये सुरू होतं, शीतयुद्ध संपायच्या आधी. त्यात पोरं एकत्र एक काम करायला बसवतात ते याचसाठी की असल्या तक्त्यांच्या बाहेरचं काहीतरी हाताला लागावं. नुसत्या ओळखी करून द्यायच्या असत्या तर पत्रमैत्री पुरली असती.

मार्कांचं. जर्मन पोरीला कमी देऊ का? तिनं काम वेळेवर दिलं? दिलं. तुझ्या भागातली चूक दाखवली? दाखवली. मग पूर्ण दे. फॉर्ममध्ये गोड बोलण्याचा रकाना आहे का? तिला मार्क द्यायच्या आधी मात्र एक सरळ लिही, तिच्याच पद्धतीनं: तुझी कमेंट बरोबर होती, पण मला ती वाचून दोन दिवस वाईट वाटलं, पुढच्या वेळी का काढायचं ते एका ओळीत लिहिशील का. ती चिडणार नाही. बहुतेक चकित होईल, की हे पहिल्याच आठवड्यात का नाही सांगितलं. आणि किमतींचा तक्ता तिला या शुक्रवारी दे, आधी कळलं नाही जमत तर बुधवारी सांग.

आणि त्या ग्वादालाहारावाल्यानं झेंडूंच्या मधे एका म्हाताऱ्या बाईचा फोटो ठेवलेला टाकला होता, त्याच्यावर तू अंगठा दिलायस. अंगठा! तो काढ, आणि त्या बाई कोण म्हणून विचार.